गावातच काढलेला कुस्तीचा सिनेमा मुलांबरोबर बघताना : आधी काय सांगावं, नंतर काय टाळावं?

पागोळी (शुक्रवार, रात्री 9:12)

आपल्याच जिल्ह्यातल्या मंडळींनी काढलेला कुस्तीचा सिनेमा सध्या गावोगाव लागतोय. कुठे थिएटरात, कुठे नाट्यगृहात, कुठे शाळेच्या पटांगणावर. नाव मुद्दाम लिहीत नाही. हा धागा परीक्षणाचा नाही, आणि इथल्या निम्म्या लोकांची निम्म्या युनिटशी सोयरीक निघेल.

प्रश्न मुलांबरोबर बघण्याचा आहे. वय 7 आणि 12. धाकट्याला कुस्ती म्हणजे टीव्हीवरची दोरखंडांच्या चौकोनातली मारामारी वाटते. मोठीला कबड्डी सगळी कळते, कुस्तीतलं ओ की ठो नाही. जाण्याआधी किती समजावून सांगावं? कुठे बसावं? यातलं खरं किती, असं मुलांनी विचारलं तर काय सांगायचं? आणि घरी आल्यावर दिवाणावरून एकमेकांना धोबीपछाड घालतील त्याचं काय?

माझं मत : आधी काहीच सांगू नये. सिनेमा आहे, शिकवणी नव्हे. पटत नसेल तर बोला.

काजूबोंड (9:15)

कुठल्या रांगेत बसणार ते सांगा, म्हणजे आम्ही चार रांगा सोडून बसतो.

शिट्टीवाला (9:48)

पटत नाही. फार नको, पण तीन मिनिटांचं तरी सांगाच. कारण या सिनेमात मध्यंतराआधी मातीतली कुस्ती आहे आणि नंतर गादीवरची. हे दोन वेगळे खेळ आहेत हे माहीत नसेल तर मूल मध्यंतरानंतर पूर्ण हरवतं आणि "कोण जिंकतंय?" हे दर दोन मिनिटांनी विचारतं. मग तुमचाही सिनेमा गेला.

मातीतलं असं सांगा : गुण नाहीत. पाठ मातीला लागली की संपलं, त्यालाच चितपट. जत्रेच्या मैदानात पाच मिनिटांत निकाल लागेल नाहीतर पाऊणतास झुंजून पंच बरोबरीत सोडवतील. सुरुवातीला हात मिळवणं, एकमेकाला माती लावणं, मग खडाखडी, म्हणजे एकमेकाला जोखत पकड शोधणं. माती लावतात ती घामाने अंग निसटू नये, पकड बसावी म्हणून. मुलांना हे कारण सांगितलं की तो प्रसंग लगेच कळतो. नाहीतर त्यांना वाटतं, हे एकमेकांना मळवतायत का.

गादीवरचं : एकाला लाल पोशाख, एकाला निळा. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, मध्ये 30 सेकंद विश्रांती. खाली आणून मागे ताबा घेतला तर 2 गुण, पाठ धोक्यात आणली तर 2, वर्तुळाबाहेर ढकललं तर 1, उंच उचलून फेकलं तर 4 किंवा 5. दहा गुणांचा फरक पडला की तिथेच कुस्ती थांबते. आणि गुण कितीही असोत, दोन्ही खांदे गादीला लावून धरले की चितपट, सगळा हिशोब रद्द.

हा शेवटचा नियम मोठ्या मुलीला नक्की सांगा. 8-0 ने मागे पडलेला नायक अखेरच्या दहा सेकंदांत जिंकतो म्हणून बरेच जण नाक मुरडतायत. त्यात नियमाविरुद्ध काहीच नाही.

नियमाविरुद्ध आहे ते वेगळंच. मध्यंतराआधीच्या मोठ्या कुस्तीत पंच जमिनीवर हात आपटून तीनपर्यंत मोजतो. ते टीव्हीवरच्या दोरखंडांचं. मातीत पाठ लागलेली दिसली की पंच हात वर करतो, मोजत नाही. गादीवर खांदे टेकल्याची खात्री होण्यापुरतं थांबतो, बाजूला बसलेल्या प्रमुखाची संमती घेतो आणि शिट्टी. धाकटा नेमका तिथेच "वन टू थ्री" ओरडणार, तयारी ठेवा.

मालवणी मसाला (10:02)

मेल्यांनो, पोरांक सिनेमा दाखवतास की पंचाची परीक्षा देवक बसवतास?

तिकीटखिडकी (10:20)

बसण्याबद्दल. पहिल्या चार रांगा सोडा. कुस्तीच्या सिनेमात कॅमेरा खूप हलतो, मान वर करून बघितलं की लहान मुलांना मळमळतं, त्यातून पॉपकॉर्न आणि कोल्ड्रिंक पोटात. पडद्यापासून दोन-तृतीयांश मागे आणि मधोमध जागा घ्या. भिंतीलगतच्या खुर्च्या नकोत, बाजूचे स्पीकर भिंतीवरच असतात आणि हलगी वाजली की थेट कानात. सात वर्षांच्या मुलाला आवाजाचा त्रास होत असेल तर कानावरचे जाड हेडफोन न्या. कापसाचे बोळे फारसे उपयोगी नाहीत.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघून घ्या. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर येतं, पोस्टरवरही असतं. 2024 च्या नियमांनंतर यूए चे तीन प्रकार झालेत : 7 वर्षं, 13 वर्षं आणि 16 वर्षं. त्या वयाखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघावं एवढाच त्याचा अर्थ, दारात कोणी अडवत नाही. अडवतात ते फक्त ए ला, म्हणजे प्रौढांच्या सिनेमाला.

नाट्यगृहातल्या खेळांचं गणित वेगळं. तिथली रचना संवाद ऐकू यावेत म्हणून केलेली असते. मालवणचं मामा वरेरकर, चिपळूणचं इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र, अशा ठिकाणी पडदा आणि स्पीकर बहुधा बाहेरून आणून रंगमंचावर मांडतात. त्यामुळे आवाज सगळा पुढून येतो आणि पुढच्या रांगा बधिर होतात. तिथे बाल्कनी असेल तर मुलांसाठी तीच बरी, फक्त कठड्यामुळे धाकट्याला दिसतं का ते बसून बघा.

रीळ (11:05)

"खरं किती?" याला एक सोपा खेळ आहे. डाव सुरू झाला की मुलांना तुकडे मोजायला सांगा. चित्र बदललं की एक बोट.

मातीतला प्रसंग साधारण तीन प्रकारच्या चित्रांतून जोडतात. लांबचं चित्र : यात खरे पैलवान असतात, चेहरा कळत नाही, डाव सलग दिसतो. मधलं : नट, पण पकड घेईपर्यंतच. जवळचं : बोटं, मान, डोळे, उडणारी माती. नट उचलला जातो तिथे कट, आणि पडतो ते पुढच्या तुकड्यात. पडण्याच्या जागी माती काढून फोमची गादी पुरतात, वर दोन-तीन इंच माती पसरतात. ओळखायची खूण म्हणजे पायाचे ठसे. आधीच्या चित्रात हौदा (कुस्तीची मातीची जागा) तुडवलेला असतो आणि पडण्याच्या क्षणी अंगाखालची माती एकदम सारवल्यासारखी सपाट दिसते. बारा वर्षांच्या मुलीला हे एकदा दाखवलं की ती पुढचा सगळा सिनेमा ठसेच बघेल, हा त्यातला तोटा.

संथ गतीचंही सांगता येतं. पडद्यावर सेकंदाला 24 चित्रं दिसतात. 96 ने टिपून 24 ने दाखवली की एका सेकंदाचा डाव चार सेकंद चालतो. खरा धोबीपछाड डोळ्यांची पापणी लवेपर्यंत संपलेला असतो.

आवाज जवळपास सगळा नंतरचा. खऱ्या मातीत माणूस पडल्याचा आवाज बसका आणि छोटा येतो. सिनेमातला 'धाड' हा स्टुडिओत ओलं टॉवेल, वाळूची पिशवी, चामडं असलं काही आपटून केलेला. शड्डूचा आवाज मात्र खरा चांगला मिळतो, तो शक्यतो खऱ्या पैलवानाचाच घेतात.

अंगावरची माती हा सगळ्यात कटकटीचा भाग. वाळली की रंग फिका पडतो, त्यामुळे एकाच डावात पाठ कधी गडद कधी फिकी दिसते. ओली दिसावी म्हणून ग्लिसरीन आणि पाण्याचा फवारा मारतात. या सिनेमात शेवटच्या कुस्तीत नायकाच्या डाव्या खांद्यावरचा मातीचा पट्टा तीनदा गायब होतो. पोरांना शोधायला सांगा.

काजूबोंड (11:11)

म्हणजे एकाने बोटं मोजायची, दुसरीने ठसे बघायचे, खांद्यावरचा पट्टा शोधायचा. सिनेमा कोणी बघायचा?

पागोळी (11:14)

@काजूबोंड, आजी. ती येणार आहे.

घाटावरचा (शनिवार, सकाळी 7:30)

सिनेमातली माती बघून वाईट वाटलं. तो आखाडा नव्हे, भाताची खाचर आहे. पैलवान घोट्यापर्यंत रुततायत. तालमीच्या मातीत चिखल नसतो. मूठभर घेऊन दाबली की लाडू वळला पाहिजे आणि अंगठ्याने दाबला की फुटला पाहिजे. फुटला नाही तर पाणी जास्त, वळलाच नाही तर कमी. कोल्हापुरात गंगावेश किंवा शाहूपुरी तालमीतली माती बघा. रोज फावड्याने खणून, ढेकळं फोडून, सपाट करून मगच जोड सुटतात. मुलांना हा सिनेमा दाखवून "कुस्ती अशी असते" म्हणू नका एवढंच.

जांभाचिरा (8:10)

घाटावरून माती मोजायला सोपं आहे, साहेब. इथे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो.

कोकणात हौदा का बिघडतो ते सांगतो, मुलांनाही सांगता येईल, कारण सिनेमातली माती खरोखर इथलीच आहे. आपली तांबडी माती जांभ्याची. तिच्यात लोखंडी खडे असतात. न चाळता टाकली तर पहिल्याच दिवशी ढोपरं आणि कोपरं सोलून निघतात. सड्यावरची (कातळपठारावरची) माती तर नकोच. मळ्यातली भाताची माती मऊ असते पण चिकट, वाळली की भेगा. म्हणून चाळलेली तांबडी दोन भाग आणि नदीकाठचा पोयटा एक भाग, असं मिश्रण बरं पडतं. वाळूची चाळण पुरत नाही, त्याहून बारीक लागते.

20 बाय 20 फुटांचा हौदा दोन फूट खोल करायचा तर 800 घनफूट माती लागते, म्हणजे चाळून 8 ब्रास. गाळ जातो ते धरून 10 ब्रास मागवावी. त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. प्रमाण ज्या त्या तालमीचं, पण एवढ्या हौद्याला 50 लिटर ताक, 10-15 लिटर तेल आणि 8-10 किलो हळद हा बेताचा हिशोब. ताकाने माती मऊ आणि बांधून राहते, तेलाने धूळ उडत नाही.

आता इथली अडचण. जांभ्याला पाझर असतो. जमिनीत खड्डा खणून हौदा केला की श्रावणात खालून पाणी येतं. म्हणून हौदा जमिनीच्या वर, दीड-दोन फुटांच्या जोत्यावर घ्यायचा, तळाशी खडीचा थर, आणि छपराची पागोळी भिंतीपासून तीन फूट तरी लांब पडली पाहिजे (धागाकर्तीने राग मानू नये). ताक पावसाळ्यात अजिबात घालू नका, बुरशी आणि वास दोन्ही. दसऱ्यानंतर माती उकरून चार-पाच दिवस उन्हात पसरायची, मग ताक.

सिनेमावाल्यांनी माती ओली ठेवली ती कॅमेऱ्यासाठी, अज्ञानामुळे नव्हे असं वाटतं. कोरडी माती उडते आणि भिंगावर बसते.

मालवणी मसाला (8:22)

लिंबवाच्या जाग्यार कोकम घातला तर चालात काय? आणि तेल खोबऱ्याचा?

जांभाचिरा (8:31)

ताक, कोकम आणि खोबरेल? ती माती नव्हे, सोलकढीची मोठी बहीण. खोबरेल नकोच, 24 अंशांच्या खाली थिजतं, पौषातल्या पहाटे मातीत गुठळ्या होतात. तिळाचं किंवा सरकीचं बरं.

उजवी_कड (9:05)

मूळ प्रश्नाच्या शेवटाकडे या, तोच धोक्याचा आहे. फिजिओथेरपीच्या बाजूने लिहिते.

मुलं घरी करून बघणारच. "करू नका" म्हणून उपयोग नाही, काय करायचं ते नेमकं सांगा.

पूर्ण बंद : उचलून फेकण्याचे सगळे डाव. धोबीपछाडात समोरच्याचा हात खांद्यावरून ओढून, वळून, कंबर खाली घालून त्याला पुढे आपटतात. ज्याला पडायचं शिकवलेलं नाही तो हात ताठ करून जमिनीला टेकवतो. मनगट आणि कोपराची हाडं मुलांमध्ये अशीच मोडतात, आणि वाढीच्या भागाजवळ मोडलं तर प्रकरण लांबतं. कलाजंगात तर मूल दुसऱ्याच्या खांद्यावर आडवं असतं, तिथून डोक्यावर पडलं की मान. मान पिरगाळणं, गळ्याला विळखा, दिवाणावरून उडी, हेही बंद. डोक्यावर तोल घेऊन कमान करतात तो व्यायाम सात वर्षांच्या मुलाला नको.

दोन गाद्या शेजारी टाकून 'आखाडा' करतात तो तर सापळा. मधल्या फटीत पाय अडकतो, शरीर वळतं, गुडघा तिथेच राहतो. आणि कापसाची गादी आघात झेलत नाही, ती दबून फरशीला लागते. स्पर्धेची गादी साधारण 6 सेंटिमीटर जाडीची, दाट फोमची, तुकडे एकमेकांना घट्ट जोडलेले आणि वर एकच आवरण असते.

करू द्या : शड्डू ठोकणं, हात मिळवणं, समोरासमोर गुडघ्यांवर बसून एकमेकाला रेषेबाहेर ढकलणं. ही गुडघ्यांवरची कुस्ती दोघांनाही जमते, पडलं तरी उंचीच नसते. बारा आणि सात असं वजनात अंतर आहे, म्हणून मोठीने एक हात पाठीमागे ठेवायचा. पडायला शिकवायचं तर बसलेल्या स्थितीतून मागे लोळणं : हनुवटी छातीला, पाठ गोल, हात बाजूला सपाट आपटायचे, श्वास सोडत. हनुवटी छातीला, एवढं जरी लक्षात राहिलं तरी डोकं वाचतं.

रापण (9:20)

समुद्रावर नेलं तर? वाळू मऊ असते.

उजवी_कड (9:34)

सगळी नसते. भरतीच्या पाण्याने भिजलेली वाळू रस्त्यासारखी कडक होते, मुलं नेमकी तिथेच खेळतात. भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू घ्या, आठ-दहा पावलांचं वर्तुळ आखा आणि आधी दंताळ्याने शिंपल्या, काचा, जाळ्याचे तुकडे काढा. कोरड्या वाळूत पाय रुततो, म्हणून वळून टाकायचे डाव नकोत. ढकलाढकलीच.

शिट्टीवाला (9:50)

वाळूवरची कुस्ती हा आता जागतिक संघटनेचा अधिकृत प्रकार आहे. तीन मिनिटं, तीन गुण आधी करेल तो विजयी, सगळं उभ्याने. समोरच्याला वाळूवर पाडलं की गुण. मुलांना नियम सांगायला दहा सेकंद पुरतात. एवढी किनारपट्टी असून आपल्याकडे हे कोणी मनावर का घेत नाही, हा वेगळ्या धाग्याचा विषय.

काजूबोंड (9:52)

कारण किनाऱ्यावर क्रिकेटचे सहा सामने एकाच वेळी चालू असतात.

घाटावरचा (10:15)

कोकणात कुस्ती कधी होती? तुमचं कबड्डी आणि भजन. उगाच गावचा सिनेमा म्हणून टाळ्या.

रापण (10:28)

रायगडात या. अलिबाग-पेण पट्ट्यात आगरी-कोळी गावांच्या जत्रेला कुस्त्या असतातच. इनाम नारळापासून सुरू होतं, लहान मुलांच्या जोडी आधी सुटतात, मोठ्या शेवटी. सिनेमा दाखवल्यावर खरी कुस्ती दाखवायची असेल तर ही चांगली जागा, कारण मुलांना त्यांच्याच वयाची मुलं लढताना दिसतात. दुपारी तीनच्या आत जा, लहानांच्या कुस्त्या तेव्हाच उरकतात.

तळकोकणातल्यांना कोल्हापूर जवळ. वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावडा, तिथून 55 किलोमीटर. पावसाळ्यात घाट चालू आहे का ते विचारून निघा.

घाटावरचा (10:40)

यायचं तर खासबाग मैदान आधी दाखवा. राजर्षी शाहूंनी बांधलेलं, 1912 पासूनचं. मधे हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक, कुठूनही सगळं दिसतं. तालमीत जायचं तर पहाटे पाच ते आठ किंवा संध्याकाळी चारनंतर. चपला बाहेर, वस्तादांना विचारल्याशिवाय हौद्यात पाय घालायचा नाही, जोड चालू असताना फोटोचा फ्लॅश नाही. मुलांना आधीच सांगा, तिथे कोणी ओरडत नाही. सिनेमात तालमीत सतत आरडाओरडा आहे तो चूक. सरावाच्या वेळी फक्त श्वास आणि वस्तादांचा एखादा शब्द.

सुकट (11:30)

दोन प्रसंगांना मुलं प्रश्न विचारतात, ते कोणी लिहिलं नाही.

पहिला, कान. खलनायकाचा कान सुजून गोळा झालेला दाखवलाय. तो मेकअपचा आहे, सिलिकॉनचा तुकडा चिकटवतात. खऱ्या पैलवानांचा का होतो? घासून किंवा आपटून कानाच्या कूर्चेवर (मऊ हाडावर) रक्त साचतं, कूर्चेचं पोषण तुटतं, वेळेत रक्त काढून दाब देऊन बांधलं नाही तर तिथे कडक ऊतक तयार होतं आणि आकार कायमचा बिघडतो. सिनेमात ते मर्दुमकीचं चिन्ह केलंय. सरावात कान झाकणारी संरक्षक टोपी घालणारे पैलवान कमी दर्जाचे नसतात, हे सांगा.

दुसरा, वजन. नायक स्पर्धेच्या आदल्या रात्री पाणी न पिता, घोंगडी पांघरून, चुलीजवळ बसून तीन किलो उतरवतो आणि सकाळी जिंकतो, पार्श्वसंगीतासह. हे बारा वर्षांच्या मुलीला तसंच गिळू देऊ नका. उतरतं ते पाणी, चरबी नव्हे. ताकद कमी होते, पायात गोळे येतात, उष्माघात होऊ शकतो, आणि आपल्या दमट हवेत घाम वाळत नसल्याने अंग तापतच जातं. पॅरिसला 2024 साली विनेश फोगाटला 50 किलो गटात 100 ग्रॅम जास्त भरल्याने अंतिम फेरीतून बाद केलं, हे मुलांनी ऐकलेलं असतं. त्यावरून बोलणं सोपं जातं.

वेंगुर्ल्याची (12:05)

तिसराही आहे. खुराक. बादलीभर दूध, शंभर बदाम, बारा अंडी. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा मागणार. शंभर बदाम पाचवायला आधी हजार बैठका माराव्या लागतात म्हणावं. सात वर्षांच्या मुलाला थंडाई करायची तर पाच-सहा बदाम रात्री भिजत घालून, सालं काढून, चमचाभर खसखस, चिमूटभर बडीशेप, एक वेलची, दोन मिरी वाटून पेलाभर दुधात. बाकी आपला बांगडा आहेच, 100 ग्रॅमला जवळपास 20 ग्रॅम प्रथिनं. पेलाभर दुधात आठ.

मालवणी मसाला (12:09)

बांगड्याक सिनेमात काम कित्याक नाय? तोच खरो लोकल कलाकार.

वेंगुर्ल्याची (12:20)

आणि मुलीला घेऊन जाताय म्हणून : या सिनेमात एकही मुलगी हौद्यात उतरत नाही, त्या फक्त ओवाळायला आहेत. ती विचारेल. 2004 पासून ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती आहे, 2016 ला रिओत साक्षी मलिकला कांस्य मिळालं, आणि 2023 ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, ती प्रतीक्षा बागडीने जिंकली. एवढं पाठ करून जा.

सुकट (12:31)

पैलवान खाशाबा जाधवांचंही सांगा. 1952, हेल्सिंकी, कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात, म्हणजे शाळेत नाव कानावर पडलेलं असेल.

पागोळी (दुपारी 1:10)

"आधी काहीच सांगू नये" म्हटलं आणि तुम्ही पुस्तक लिहिलंत. पण घाटावरच्यांचा टाळ्यांचा मुद्दा राहिला. गावचा सिनेमा म्हणून मुलांसमोर चांगलाच म्हणायचा का?

रीळ (1:45)

नाही. काय जमलंय आणि काय नाही ते वेगवेगळं सांगा. जमलंय : हलगी. आपल्या दमट हवेत चामडं सैल पडतं, शेकोटीवर तापवल्याशिवाय आवाज उठत नाही. ते तापवणं त्यांनी सिनेमात ठेवलंय आणि पुढच्या चित्रात आवाज बदललेला ऐकू येतो. पैशाने येणारी गोष्ट नव्हे ती. लांबची चित्रं जमलीत, कारण पैलवान खरे आहेत. नाही जमलं : संवाद, गाणं, आणि नायकाची मांडी. एवढा सराव दाखवून मांडी टेबलाच्या पायाएवढी.

घाटावरचा (1:58)

हलगीचं मान्य. मातीचं नाही.

शिट्टीवाला (2:20)

पागोळी, तुमच्या दोघांसाठी माझी विभागणी : धाकट्याला फक्त "पाठ लागली की हरला" आणि "पडतात तिथे खाली फोम आहे". बस्स. मोठीला गुण आणि वजनाचा प्रसंग. मध्यंतरात दोन वाक्यं, गादी आणि लाल-निळा. बाकी सगळं घरी, त्यांनी विचारलं तरच.

उजवी_कड (2:26)

आणि "हनुवटी छातीला". गाडीत बसायच्या आधी.

सुकट (2:40)

सिनेमानंतर मातीत सोडणार असाल तर धनुर्वाताची लस बघा. 5-6 वर्षांचा डोस आणि 10 वर्षांचा डोस झालेला असला पाहिजे. खेळून आल्यावर साबणाने अंघोळ, कपडे उन्हात. गजकर्ण आपल्या हवेत एकाचं चौघांना होतं.

पागोळी (3:05)

ठरलं. पण थिएटरचे दिवसाचे खेळ संपलेत, आता शाळेच्या पटांगणावरचा उरलाय. तिथे काय बघायचं?

तिकीटखिडकी (3:30)

खेळ संध्याकाळी 7:30 च्या आधी ठेवला असेल तर तासभर उशिराच सुरू होईल असं धरा, पूर्ण अंधार पडल्याशिवाय तांबडी माती पडद्यावर गुलाबी दिसते. कापडी पडदा खाऱ्या वाऱ्याला फुगतो आणि पैलवान जाड-बारीक होतात. वारा पडून मतलई सुरू होईपर्यंत हे चालायचंच. पडद्याच्या समोर मधोमध, 25-30 फुटांवर बसा. जनरेटरच्या बाजूला नको. चटई जाड न्या, आजीला खुर्ची. डासांचं मलम मुलांना निघण्याआधी लावा. सिनेमा सव्वादोन तासांचा, मध्यंतर धरून दहा वाजतील. धाकटा शेवटच्या कुस्तीआधी झोपणार, हेही धरून चाला.

मालवणी मसाला (3:34)

चटई मी हाडतंय. भजी घाटावरच्यांनी हाडूची, तेंका माती आवडलेली नाय.

घाटावरचा (3:41)

भजी कशाला, तांबडा रस्सा आणतो. घाट चालू आहे ना?